दूरच्या सर्व्हरवरचा नकाशा आपल्या पोर्टलवर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्याच्या टपालात सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: नकाशांचे पोर्टल तर उभे राहिले, पण दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे लेअर (नकाशाचे थर) त्याला जोडताना घोडे पेंड खाते. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले आहेत. पत्ते, आज्ञा आणि मेनूंची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

प्रश्न : कृष्णाकाठच्या गावांसाठी आमच्या गटाने जिओनोड हे नकाशा-पोर्टलचे सॉफ्टवेअर बसवले आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कोणत्या पातळीला कोणती गल्ली बुडते हे नकाशावर दाखवायचे आहे. पूररेषा आणि गावांच्या हद्दी एका दूरच्या सर्व्हरवर डब्ल्यूएमएस रूपात मिळतात. त्या कशा जोडायच्या? आणि जोडल्यावर त्या आपल्याकडे उतरतात का? – सांगली

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. नाही, उतरत नाहीत. डब्ल्यूएमएस, म्हणजे वेब मॅप सर्व्हिस, ही चित्र मागण्याची ठरलेली रीत आहे. अमुक लेअरचा, एवढ्या चौकटीतला, एवढ्या पिक्सेलचा तुकडा द्या, असे तुमचे पोर्टल सांगते आणि तिकडचा सर्व्हर तो तुकडा रंगवून पाठवतो. नकाशा जरा सरकवला की पुन्हा मागणी, पुन्हा चित्र. जिओनोडमध्ये राहते ती फक्त नोंद: लेअरचे नाव, वर्णन, हद्द आणि एक छोटे चित्र. तिकडची वीज गेली की तुमचा नकाशाही गेला. पुढच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता जोडणी. जिओनोड उघडण्याआधी साधा ब्राउझर उघडा आणि सेवेच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन हे लिहा: सर्व्हिस=डब्ल्यूएमएस&व्हर्जन=१.३.०&रिक्वेस्ट=गेटकॅपॅबिलिटीज. उत्तरादाखल एक लांबलचक एक्सएमएल कागद, म्हणजे तिकडच्या लेअरची यंत्राला वाचता येणारी यादी, आला पाहिजे. काही सर्व्हर तो पडद्यावर न दाखवता फाइल म्हणून उतरवतात. ती नोटपॅडमध्ये उघडली तरी चालते. लॉगिनचे पान किंवा ४०४ (पान सापडत नाही) आला तर पत्ताच चुकला आहे, जिओनोडला दोष देऊ नका.

हा कागद कंटाळवाणा असला तरी दहा मिनिटे त्यात घालवाच. प्रत्येक लेअरला एक 'टायटल' आणि एक 'नेम' असते. टायटल माणसांसाठी, नेम यंत्रासाठी. मागणीत नेमच चालते आणि त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही. ज्याला नेमच नाही तो निव्वळ गटाचा मथळा असतो. तो मागता येत नाही. मग त्या लेअरखाली 'सीआरएस' म्हणून जे आकडे आहेत त्यांत ३८५७ आहे का ते पाहा, कारण वेबवरचे बहुतेक नकाशे त्याच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या रीतीत) चालतात. शेवटी 'गेटमॅप' शब्द शोधा आणि त्याच्या खाली 'ऑनलाइन रिसोर्स' म्हणून जो पत्ता दिला आहे तो तुम्ही टाइप केलेल्या पत्त्याशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर पुढे साताऱ्याच्या पत्राचे उत्तर वाचा.

आता एक चित्र प्रत्यक्ष मागून पाहा. सांगली शहराच्या आसपासची चौकट १.३.० मध्ये अशी: बीबॉक्स=१६.८०,७४.५०,१६.९०,७४.६५. सोबत सर्व्हिस आणि व्हर्जन वरच्यासारखेच, रिक्वेस्ट=गेटमॅप, लेअर्स=(नेम), स्टाइल्स= (पुढे रिकामे), सीआरएस=ईपीएसजी:४३२६, विड्थ=६००, हाइट=४००, फॉरमॅट=इमेज/पीएनजी, ट्रान्सपरंट=ट्रू. यातले ४३२६ म्हणजे साधे अक्षांश-रेखांश. चौकट रुंदीला ०.१५ अंश आणि उंचीला ०.१० अंश आहे, म्हणून पिक्सेलही ६०० आणि ४००. हे प्रमाण मोडले तर चित्र ताणले जाते. 'स्टाइल्स' रिकामे ठेवले तरी तो शब्द गाळू नका, काही सर्व्हर त्यावर अडून बसतात. पीएनजीऐवजी जेपेग मागितले तर पारदर्शकपणा जातो आणि खालचा सगळा नकाशा पांढऱ्या रंगाखाली झाकतो.

एवढे जमले की जिओनोडमध्ये लॉगिन करून 'रिमोट सर्व्हिसेस' मध्ये जा आणि नवीन सेवा नोंदवा. आवृत्तीनुसार मेनूतली जागा थोडी बदलते, पण मुख्य रकाने दोनच आहेत: पत्ता आणि सेवेचा प्रकार. प्रकार 'वेब मॅप सर्व्हिस' निवडा. पत्त्यात सर्व्हिस, व्हर्जन, रिक्वेस्ट हे भाग घालू नका, ते जिओनोड स्वतः जोडते. अपवाद एकच: तिकडे मॅपसर्व्हर हे सॉफ्टवेअर असेल आणि पत्त्यात 'मॅप=' असा भाग असेल, तर तो तसाच ठेवायचा, कारण कोणती नकाशा-फाइल उघडायची हे सर्व्हरला त्यावरूनच कळते. नोंद झाल्यावर लेअरची यादी येते. सरसकट सगळे निवडायचा मोह आवरा. हवे तेवढेच आयात करा. नको असलेले दोनशे लेअर शोधात येत राहतात आणि गावकऱ्यांना हवी ती पूररेषा त्यांच्या गर्दीत हरवते.

दूरच्या लेअरचे रंग तुम्हाला बदलता येणार नाहीत. तिकडच्या सर्व्हरने दिलेल्या शैलींतलीच एखादी निवडता येते, तेवढेच. ४०, ४५ आणि ५० फुटांच्या पूररेषा वेगवेगळ्या निळ्या छटांत हव्या असतील आणि तिकडे तशी सोय नसेल, तर मूळ डेटाच मागून घ्यावा लागेल. आणि तुमच्या कामासाठी तो मागावाच, असे आमचे मत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तशा दिवशी शेकडो लोक एकाच वेळी नकाशा उघडणार, आणि तो तुमच्या ताब्यात नसलेल्या एका यंत्राच्या भरवशावर असणे बरे नाही. गावांच्या हद्दी, रस्ते, उपग्रहचित्र बाहेरून आले तर हरकत नाही. पूररेषा मात्र रीतसर परवानगी घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा.

प्रश्न : तोच पत्ता ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्येही लेअर दिसतात, पण आमच्या महाविद्यालयाच्या जिओनोडमध्ये घातला की सेवेशी जोडणी होत नाही असा संदेश येतो. – कराड

उत्तर : ब्राउझर आणि क्यूजीआयएस तुमच्या लॅपटॉपवर आहेत. सेवा नोंदवताना मागणी जाते ती जिओनोडच्या सर्व्हरवरून. दोन वेगळी यंत्रे, दोन वेगळ्या वाटा; त्यामुळे लॅपटॉपवरची चाचणी इथे पुरावा ठरत नाही.

जिओनोड डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या व्यवस्थेत) असेल तर 'डॉकर एक्झेक' ने जँगोच्या, म्हणजे जिओनोडच्या मुख्य प्रोग्रामच्या, कंटेनरमध्ये शिरा आणि तिथून 'कर्ल' या पत्ता मागवणाऱ्या आज्ञेला 'व्ही' पर्याय लावून तोच गेटकॅपॅबिलिटीजचा पत्ता मागवा. येणारा संदेश नीट वाचा, तो बरेच काही सांगतो. 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' आले तर कंटेनरला नावाचा आयपी पत्ता सापडत नाही, म्हणजे डीएनएसची सेटिंग पाहा. बराच वेळ काहीच न होता 'टाइम्ड आउट' आले तर वाटेत फायरवॉल आहे. महाविद्यालयांच्या जाळ्यात बाहेर जायला बहुधा ८० आणि ४४३ हीच पोर्ट उघडी असतात, आणि दूरचा जिओसर्व्हर (नकाशे पुरवणारे सॉफ्टवेअर) ८०८० वर बसलेला असतो. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना तो पत्ता आणि ते पोर्ट लेखी द्या. 'इंटरनेट चालू करा' एवढ्याने काम होत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' चा अर्थ वेगळा: यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. पत्त्यात 'लोकलहोस्ट' असेल तर हमखास हेच येते, कारण कंटेनरच्या आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. जिओसर्व्हर त्याच यंत्रावर असला तरी त्याचे डॉकरमधले सेवेचे नाव किंवा यंत्राचा खरा पत्ता द्यावा लागतो.

'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' हा संदेश सगळ्यात चकवतो, कारण ब्राउझरमध्ये हिरवा कंदील असतो. तिकडच्या सर्व्हरने स्वतःचे प्रमाणपत्र लावलेले असते, पण मधल्या संस्थेचे, म्हणजे इंटरमीजिएट, लावायचे राहिलेले असते. बरेच ब्राउझर ही मधली कडी स्वतः शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे आधीपासून असते. जिओनोड ज्या पायथॉनवर चालते ते तसे करत नाही. खरा उपाय तिकडचाच: पूर्ण साखळीची, म्हणजे 'फुलचेन' फाइल बसवायला त्यांना सांगा. ते होईपर्यंत मधले प्रमाणपत्र तुमच्या कंटेनरच्या विश्वासयादीत घालता येते. तपासणीच बंद करून टाकायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो घेऊ नका.

नोंद झाली, पण लेअरची यादी रिकामीच राहिली, तर जिओनोड ४ मध्ये सेलरी चालू आहे का पाहा. लेअर गोळा करण्याचे काम पडद्यामागे तीच करते; ती बंद असेल तर कुठलीही चूक न दाखवता सगळे नुसते वाट बघत बसते. आणि ५०४ (वेळ संपली) आला तर तिकडचा कागद प्रचंड मोठा असण्याची शक्यता जास्त. पोर्टलच्या दाराशी बसलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात ६० सेकंदच थांबतो. वेळ वाढवण्याआधी पत्ता आखूड करून पाहा: जिओसर्व्हरमध्ये वर्कस्पेसचे (लेअरच्या गटाचे) नाव मध्ये घातले, म्हणजे 'जिओसर्व्हर/वर्कस्पेस/डब्ल्यूएमएस' असे लिहिले, की फक्त तेवढ्याच लेअरचा छोटा कागद येतो. त्यात लेअरच्या नेममागचे वर्कस्पेसचे उपपद गळते, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्न : लेअर आयात झाले, सूचीही दिसते, पण नकाशाच्या जागी पांढरा पडदा. चूक कुठलीच येत नाही. – सातारा

उत्तर : चूक येते, पण पडद्यावर नाही. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' निवडा आणि नकाशा थोडा सरकवा. ओळींची रांग लागेल. एक ओळ निवडा आणि तिचा पूर्ण पत्ता नव्या टॅबमध्ये उघडा. यानंतर काय दिसते त्यावर सगळे अवलंबून आहे.

पत्त्याची सुरुवात १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी, नाहीतर लोकलहोस्टने होत असेल, तर दुखणे तिकडचे आहे. तिकडचा जिओसर्व्हर एका आतल्या यंत्रावर आहे, बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायला वेगळे नाव आहे, आणि ते नाव जिओसर्व्हरला कोणी सांगितलेलेच नाही. त्यामुळे कागदात तो स्वतःचा घरगुती पत्ता छापतो. तुमचे पोर्टल प्रामाणिकपणे कागद वाचते आणि साताऱ्यात बसून दुसऱ्याच्या कार्यालयातला आतला आयपी शोधत राहते. तिकडच्यांना सांगा: जिओसर्व्हरच्या 'ग्लोबल' सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी बेस यूआरएल' हा रकाना भरा. क्यूजीआयएसमध्ये 'कागदात दिलेला गेटमॅपचा पत्ता दुर्लक्षित करा' अशा अर्थाची चौकट जोडणीच्या खिडकीत असते. तिच्यात टिक केल्यावर नकाशा दिसू लागला तर निदान पक्के झाले.

पत्ता एचटीटीपीने सुरू होतो आणि तुमचे पोर्टल एचटीटीपीएसवर आहे, असे असेल तर ब्राउझर आडवा येतो. आजचे ब्राउझर असे चित्र आधी एचटीटीपीएसने मागून बघतात. तिकडे ते नसेल तर चित्र येतच नाही. एक तर तिकडे एचटीटीपीएस बसले पाहिजे, नाहीतर तुमच्या स्वतःच्या सर्व्हरमधून ती मागणी वळवली पाहिजे.

टॅबमध्ये चित्राऐवजी 'सर्व्हिस एक्सेप्शन' अशी एक्सएमएलची दोन ओळी आली, तर ती वाचा. गंमत म्हणजे अनेक सर्व्हर हा नकार २०० या यशस्वी क्रमांकानेच पाठवतात, म्हणून नेटवर्कच्या यादीत काहीच लाल दिसत नाही. 'लेअर नॉट डिफाइन्ड' असेल तर टायटल आणि नेमचा गोंधळ, किंवा तिकडच्यांनी लेअरचे नाव बदलले. 'इनव्हॅलिड सीआरएस' असेल तर ३८५७ तिकडे चालत नाही.

आणि चित्र व्यवस्थित आले पण कोरे असेल, तर आधी झूम करून पाहा. गट नंबरांसारखे दाट लेअर ठरावीक प्रमाणाच्या आतच दिसावेत अशी सोय सर्व्हरवर केलेली असते. कागदात 'मॅक्स स्केल डिनॉमिनेटर' म्हणून ती मर्यादा असते. तिथे २५,००० लिहिले असेल, तर झूम १२ ला (प्रमाण सुमारे १ : १,३६,५००) काहीच दिसणार नाही, आणि झूम १५ ला (सुमारे १ : १७,०००) सगळे उमटेल. लोक इथेच तासन् तास डोके आपटतात.

नकाशा दिसतो, पण छापताना रिकामा येतो किंवा क्लिक केल्यावर माहिती येत नाही, ही तक्रार वेगळी, ती सीओआरएसची. दुसऱ्याचे चित्र दाखवायला ब्राउझर हरकत घेत नाही, पण त्या चित्राचे पिक्सेल किंवा मजकूर तुमच्या पानाच्या हातात द्यायला तिकडची परवानगी लागते. जिओसर्व्हरवाल्यांनी 'वेब.एक्सएमएल' मधला त्यासाठीचा भाग उघडा करायचा असतो.

प्रश्न : तालुक्याच्या हद्दी जोडल्या, पण त्या भारतात कुठेच दिसत नाहीत. 'लेअरवर झूम करा' म्हटले की नकाशा थेट उत्तर ध्रुवाकडे धावतो. – वाई

उत्तर : अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. डब्ल्यूएमएसची १.१.१ ही २००२ ची आवृत्ती. तिच्यात आधी रेखांश, मग अक्षांश. पुढच्या १.३.० मध्ये ईपीएसजी ४३२६ साठी आधी अक्षांश, मग रेखांश. सर्व्हर एक समजतो, पोर्टल दुसरे, आणि सांगलीचे १६.८५ उत्तर, ७४.५८ पूर्व हे ७४.५८ उत्तर, १६.८५ पूर्व होते. ती जागा नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात आहे. वाईकरांच्या हद्दीही तिथेच कुठे तरी तरंगत असतील.

सोपा उपाय म्हणजे ४३२६ सोडून ३८५७ मागणे. तिथे क्रमाचा वाद नाही. ते शक्य नसेल तर पोर्टलला आवृत्ती १.१.१ वापरायला सांगा. पण मग तिथे सीआरएसऐवजी एसआरएस असा शब्द लागतो, आणि क्लिकच्या माहितीसाठी आय-जे ऐवजी एक्स-वाय. अर्धे या आवृत्तीचे, अर्धे त्या आवृत्तीचे असे मिश्रण केले तर आगीतून फुफाट्यात.

कधी कधी लेअरला चुकीचेच प्रक्षेपण चिकटवलेले असते. ते ओळखायला आकड्यांचा आकार पुरतो. सांगली शहराच्या आसपास ७४ आणि १६ असे आकडे दिसले तर ते अंश. ८३ लाख आणि १९ लाख असे दिसले तर ३८५७. साडेचार लाख आणि १८ लाख ६३ हजार असे दिसले तर यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारे प्रक्षेपण) चा ४३ उत्तर हा पट्टा, म्हणजे ३२६४३. आकडे एका जातीचे आणि लेबल दुसऱ्या जातीचे असेल, तर तुमच्या बाजूने काहीही करून उपयोग नाही; चूक तिकडेच दुरुस्त झाली पाहिजे.

प्रश्न : उपग्रहचित्राच्या लेअरवर द्राक्षबागेची हद्द आखली. उतारा ४० गुंठ्यांचा, पोर्टल ४३.७ गुंठे दाखवते. मोजणीवाल्याने कमी मोजले का? – तासगाव

उत्तर : भांडणाआधी प्रक्षेपण तपासा. ३८५७ मध्ये विषुववृत्तापासून दूर जाल तसे सगळे फुगते. तासगावच्या अक्षांशाला, म्हणजे १७ अंशांच्या आसपास, लांबी सुमारे ४.६ टक्के आणि क्षेत्रफळ ९.४ टक्के जास्त येते. ४० गुंठ्यांचे साधारण ४३.७ होतात, तुमचा आकडा तोच आहे. तीच आकृती ३२६४३ मध्ये नेऊन मोजा. या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व, तासगाव तिच्या जवळच. त्यामुळे प्रक्षेपणामुळे येणारा फरक ०.१ टक्क्याच्या आत राहतो. बऱ्याच पोर्टलमध्ये 'जिओडेसिक' मोजणीचा पर्याय असतो, तोही चालेल. मात्र चित्रावर बोटभर इकडेतिकडे आखलेल्या बांधाने पडणारा फरक याहून मोठा असतो. बांधाच्या वादात या आकड्याला किंमत नाही, तिथे सरकारी मोजणीच लागते.

प्रश्न : गावांची नावे मराठीत आहेत असे सांगतात, पण आमच्याकडे चौकोन दिसतात. संगणकावर मराठी फॉन्ट घातले तरी तेच. – मिरज

उत्तर : चित्र तिकडे रंगते, म्हणून फॉन्टही तिकडेच लागतो. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी त्या सर्व्हरवर बसवून लेअरच्या शैलीत त्याचे नाव द्यावे लागेल. चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे दिसत असतील तर फॉन्टचा संबंध नाही. शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) वाचताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडलेला नाही. जिओसर्व्हर मुळात आयएसओ-८८५९-१ धरून चालतो. नावे दिसतात पण मध्येच कापलेली किंवा दोनदा येतात, ती टाइल्सची, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांची, करामत: प्रत्येक तुकडा वेगळा रंगतो आणि शेजारच्याचा त्याला पत्ता नसतो. नावांच्या लेअरपुरते टाइल्स बंद करून पूर्ण पडद्याचे एकच चित्र मागा.

प्रश्न : पूररेषेत येणाऱ्या गावांची यादी डब्ल्यूएमएसवरून काढता येईल का? – पलूस

उत्तर : नाही. चित्रातून यादी निघत नाही. क्लिक करून एकेका ठिकाणाची माहिती मिळेल, इतकेच. यादीसाठी डब्ल्यूएफएस, म्हणजे वेब फीचर सर्व्हिस, लागते. तिच्यातून आकृत्या आणि रकाने असा खरा डेटा येतो. तोच पत्ता घेऊन सर्व्हिस=डब्ल्यूएफएस असे विचारून पाहा, पुष्कळदा ती चालू असते. पहिल्यांदाच सगळे मागू नका; 'काउंट=१०' लावून दहा नोंदी मागा, रकाने पाहा, मग पुढे जा.

प्रश्न : पावसाळ्यात नेट रखडते आणि नकाशा तुकड्या-तुकड्यांनी येतो. सगळ्या टाइल्स एकदाच उतरवून ठेवल्या तर? – पाटण

उत्तर : ठेवता येतात, पण आधी हिशेब आणि परवानगी. सांगली जिल्हा मावेल एवढ्या चौकटीला झूम १५ वर साधारण १३,६०० टाइल्स लागतात. एक झूम वाढला की चौपट. झूम १७ ला एकट्याच २ लाख १७ हजारांच्या वर. टाइलमागे १५ केबी धरले तर १७ पर्यंतचे सगळे मिळून चार जीबीच्या पुढे. तुमच्या पाटण तालुक्यापुरती चौकट आखली तर हे बरेच कमी होईल. डिस्कला हे जड नाही. तिकडच्या सर्व्हरला मात्र जवळपास तीन लाख मागण्या जातात, आणि न विचारता केले तर तुमचा आयपी बंद होऊ शकतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक टाइल सर्व्हरवरून घाऊक उतरवायला स्पष्ट मनाई आहे.

परवानगी असेल तर तुमचे पोर्टल आणि तिकडचा सर्व्हर यांच्या मध्ये मॅपप्रॉक्सी हा प्रोग्राम बसवा. त्याच्या सेटिंगच्या यामल फाइलमध्ये सेवा, स्रोत, ग्रिड, कॅश (टाइल्सचा साठा) आणि लेअर एवढे लिहिले की तुमचे पोर्टल त्याच्याशी बोलते. एकदा आलेली टाइल तो ठेवून घेतो, पुढच्या वेळी बाहेर जात नाही. सगळे आधी भरण्यापेक्षा लोक बघतील तसे भरू द्या, कोयनेच्या जंगलातल्या झूम १७ च्या टाइल्स कोण उघडणार आहे? साठवलेली टाइल किती दिवसांनी शिळी समजायची तेही ठरवा. उपग्रहचित्राला वर्ष चालेल, रस्ते बंद असल्याच्या लेअरला तास सुद्धा नाही. तसले लेअर कॅशमधून पूर्ण वगळा.

प्रश्न : दूरच्या सर्व्हरला नाव आणि पासवर्ड लागतो. पत्त्यातच घालून दिला तर चालतो, तसेच ठेवावे का? – फलटण

उत्तर : ठेवू नका. एफ१२ दाबणाऱ्या प्रत्येकाला तो दिसेल. तुमच्या जिओसर्व्हरमध्ये 'स्टोअर्स' मध्ये जाऊन नवीन स्टोअर (डेटाचा स्रोत) घ्या, प्रकार डब्ल्यूएमएस. गेटकॅपॅबिलिटीजचा पूर्ण पत्ता, नाव आणि पासवर्ड तिथे भरा, मग हवे ते लेअर प्रकाशित करा. आता लोक तुमच्या जिओसर्व्हरकडे मागतात आणि तो मागच्या दाराने तिकडून आणतो. पासवर्ड बाहेर पडत नाही. त्याच पानावर एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा ६ आणि वाचनाचा कालावधी ६० सेकंद असे आकडे आधीच भरलेले असतात. जोडण्या वाढवण्याआधी तिकडच्यांना विचारा. तो पासवर्ड फक्त या कामापुरता, वाचण्याचाच अधिकार असलेला, वेगळा मागून घ्या.